दप्तराला प्रश्न विचारताना

(लोणावळा येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पुण्याहून लोहमार्गाने लोणावळ्याकडे येताना तळेगाव सुटले की वडगाव लागते. मावळ तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. जानेवारी १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकर फौजेला मराठ्यांनी येथे चहूबाजूंनी कोंडले आणि १६ जानेवारीला तहावर सही करावयास लावली. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी सुमारे ३,९०० सैनिक आणि हजारो बैलांचा तांडा घेऊन निघालेली ही फौज बोरघाट चढून आली, मुंगीच्या पावलांनी कार्ल्यापर्यंत सरकली, ९ जानेवारीला तळेगावास पोहोचली आणि ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून परत फिरली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि पुण्यात बसून सारी सूत्रे हलविणारे नाना फडणवीस ही नावे मावळातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात.

आता समजा, अकरावीत शिकणारी एखादी मुलगी या लढाईवर निबंध लिहावयास बसली. संगणकावर तिने ‘वडगावचे युद्ध ब्रिटिश पराभव संपूर्ण माहिती’ असे टंकलिखित केले. पडद्यावर क्षणार्धात पुष्कळ काही येते. परंतु लक्षपूर्वक वाचले तर कळते की एकाच परिच्छेदाच्या चाळीस प्रती समोर आल्या आहेत. एकाने दुसऱ्याचे उतरविले, दुसऱ्याने तिसऱ्याचे. त्या काळचे एकही पत्र, एकही अस्सल कागद त्यात नाही. मुलगी समजते की कागद उपलब्ध नाहीत. वास्तविक कागद आहेत, छापलेले आहेत, त्यांतील बरेचसे संगणकावर चढविलेलेही आहेत. तिच्या प्रश्नात त्या कागदांमधला एकही शब्द नव्हता, एवढीच अडचण आहे.

कागद शोधणारे यंत्र प्रत्यक्षात काय करते, हे एकदा समजून घेतले की पुढचा मार्ग सोपा होतो. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर, तशीच एक अवाढव्य सूची यंत्र आधी तयार करून ठेवते. आपण शब्द दिला की ते सूचीत पाहते. सूचीत असेल ते सापडते. अलीकडची यंत्रे समानार्थी शब्दांचा अंदाज बांधतात हे खरे, पण हा अंदाज इंग्रजीत जितका नेमका तितका जुन्या मराठीत नाही. अठराव्या शतकातल्या कारकुनाने ‘ब्रिटिश’ हा शब्द लिहिलेला नाही. तो ‘इंग्रज’ लिहितो, ‘इंगरेज’ लिहितो, ‘टोपीकर’ लिहितो. ‘युद्ध’ क्वचित, ‘लढाई’ किंवा ‘झुंज’ अधिक. राघुनाथराव ‘दादासाहेब’ असतात. महादजी कधी ‘पाटीलबावा’, कधी ‘सिंदे’. कवायती पायदळाला ‘गाडदी’ म्हटलेले असते. म्हणून शोधाची पहिली पायरी अशी, की आपल्या मनातला प्रश्न बाजूला ठेवून ज्याने तो कागद लिहिला त्याच्या तोंडचे शब्द आठवावेत. नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना आपण त्यांच्या वळणाने बोलतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची. वडगाव एक नाही. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव निंबाळकर आहे. तळेगाव दाभाड्यांचे तसे ढमढेऱ्यांचे. खंडाळा घाटमाथ्यावर आहे तसा सातारा जिल्ह्यातही आहे, आणि तिथला तर तालुका आहे. त्यामुळे नुसते ‘खंडाळा’ लिहून शोध घेणाऱ्याच्या हाती निम्मे कागद भलतेच येतात. अशा वेळी नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीचे चिन्ह जोडून लिहावे. ‘खंडाळा’ पुढे वजा ‘सातारा’, ‘तळेगाव’ पुढे वजा ‘ढमढेरे’. शब्दांची जोडी जशीच्या तशी हवी असेल तर ती अवतरणचिन्हांत घालावी. मात्र एक सावधगिरी हवी. ‘वडगाव मावळ’ ही जोडी आजच्या कार्यालयीन वापरातली आहे, जुन्या पत्रात ती तशी मिळेलच असे नाही. तेथे जवळच्या गावाचे नाव, म्हणजे तळेगाव किंवा कार्ले, सोबत घ्यावे.

इंग्रजी कागदांत तर नावांची दैना आहे. ज्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. वडगावचे ‘वारगाम’ झाले. डब्ल्यू, ए, आर, जी, ए, यू, एम ही त्याची सर्वांत रूढ वर्णाक्षरे, आणि इंग्रजी ग्रंथांत हा तह याच नावाने प्रसिद्ध आहे. शिवाय दुसऱ्या अक्षरी ‘ए’च्या जागी ‘यू’ किंवा ‘ओ’ घातलेलीही रूपे आढळतात. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतील अठराव्या खंडात, हेच गाव ‘व्ही’ने सुरू होते. कार्ले कधी ‘के’ने तर कधी ‘सी’ने. लोणावळ्याची तर गंमतच आहे. जुन्या इंग्रजी लेखनात ते ‘लानौली’ म्हणून येते, शेवटी कधी ‘आय’, कधी ‘दोन ई’. आजही आगगाडीच्या फलकावर आणि इतरत्र त्याची दोन रूपे सुखाने नांदतात. ज्याला आपल्याच गावाचा इतिहास हवा आहे त्याने या सर्व रूपांची चिठ्ठी करून ती संगणकाशेजारी ठेवावी आणि ‘किंवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मध्ये घालून ती रूपे एकत्र विचारावीत. कंटाळवाणे वाटते, पण दहा मिनिटांचे काम आहे.

मराठीतही शुद्धलेखनाचा असाच फेरा आहे. आज आपण जे नियम पाळतो ते साहित्य महामंडळाचे, शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले आणि १९७२ मध्ये वाढविलेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘वडगांव’ अनुस्वारासह, ‘मावळांत’ अनुस्वारासह, ‘नाहीं’ अनुस्वारासह. संगणकाच्या दृष्टीने अनुस्वाराचा तो टिंब म्हणजे वेगळे अक्षर. त्यातून आपली भाषा प्रत्ययांची. मावळ, मावळात, मावळातील, मावळचा, मावळास असे एकाच शब्दाचे अनेक अवतार होतात आणि साध्या शोधयंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. शिवाय मूळ कागद मोडी लिपीतले. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. त्यामुळे देवनागरीत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे शब्द तोडले आणि वेलांट्या दिल्या. म्हणून ‘शिंदे’ शोधताना ‘सिंदे’ आणि ‘सिंधे’ विसरून चालत नाही.

जुनी छापील पाने यंत्राकडून वाचवून घेतली तर ‘व’चा ‘ब’, ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ होतो. ‘वडगांव’ हे ‘बडगांव’ होऊन बसलेले असते आणि बिचारा शोधणारा बाहेर ताटकळत असतो. कागदात शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसतो पण शोधाच्या खिडकीत तो सापडत नाही, असे झाले की दोन शक्यता तपासाव्यात. एक, ते पान नुसते छायाचित्र आहे, त्यात अक्षरे मुळी नाहीतच. दुसरी, मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या टंकात, श्रीलिपीसारख्या आज्ञावलीत जुळविलेला आहे. तेथे डोळ्यांना ‘मावळ’ दिसत असले तरी आत साठविलेली चिन्हे भलत्याच रोमन अक्षरांची असतात. शासकीय कार्यालयांचे, सहकारी संस्थांचे, आपल्याकडच्या नियतकालिकांचे १९९० च्या दशकापासूनचे कितीतरी साहित्य या एका कारणासाठी शोधाला अदृश्य आहे. हे साहित्य युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हे एखाद्या शाखेने, एखाद्या वाचनालयाने अंगावर घ्यावे असे काम आहे, आणि त्याला पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते. युनिकोडमध्येही सर्व काही आलबेल आहे असे नाही. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण यंत्राला निराळे वाटू शकतात. आकड्यांचेही तेच. एक कागद देवनागरी आकड्यांत, दुसरा रोमन आकड्यांत.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर सनावळीकडे वळू, कारण येथे भले भले अडखळतात. १६ जानेवारी १७७९ ही तारीख त्या दिवशीच्या मराठी पत्रावर असणे शक्य नाही. शके १७०० चा तो पौष महिना, वद्य पक्षाचा शेवट. दरबारी लेखनात सुहूर सन चाले. तो मृगाच्या सुमारास बदले आणि अरबी शब्दांत लिहीत. या लढाईच्या वर्षाचा सुहूर सन ११७९, तो ‘तिसा सबैन मया व अलफ’ असा येतो. तिसा म्हणजे नऊ, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार. महिना मुसलमानी, ‘जिल्हेज’. पुष्कळ पत्रांवर तर नुसते ‘छ’ हे अक्षर, चंद्राची तारीख आणि महिना असतो, वर्ष नसतेच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. तेव्हा तारीख आपल्या पंचांगातून त्यांच्या पंचांगात उतरविल्यावाचून शोध पुरा होत नाही. ‘तिसा सबैन’ हे दोन शब्द दिले की जे कागद एकदम वर येतात, ते ‘१७७९’ दिल्याने कधीही येत नाहीत.

असे का होते, त्यालाही शास्त्र आहे. केंब्रिज येथील संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक तत्त्व मांडले, ते आजही शोधयंत्रांच्या पायाशी आहे. जो शब्द थोड्या कागदांत येतो तो शोधाला अधिक उपयोगी, जो सर्वत्र येतो त्याला मोल कमी. ‘माहिती’, ‘इतिहास’, ‘संपूर्ण’ हे शब्द हजारो कागदांत आहेत, त्यांनी काहीच निवडले जात नाही. या लढाईपुरता सर्वांत मोलाचा शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर आहे ‘इष्टुर’.

कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा कंपनीचा अधिकारी ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी मारला गेला. गडी धाडसी होता. मराठ्यांनी त्याच्या आडनावाचे ‘इष्टुर’ केले आणि शत्रू असूनही त्याला ‘फाकडा’ ही पदवी बहाल केली. वडगावात त्याच्या नावाचे स्थान आहे आणि गावकरी तेथे भक्तिभावाने जातात. समोरच्या माणसाचे शौर्य मान्य करण्याचा हा मावळी मोठेपणा इंग्रजी ग्रंथकारांनाही नवलाचा वाटत आला आहे. आता हा एक शब्द घ्या आणि त्याची रूपे मांडा. इष्टुर, इष्टूर, इस्टूर, इष्टर. फाकडा, फांकडा, फाकडे. या शब्दांनी जे कागद हाती येतात ते जवळजवळ सगळे या एकाच प्रकरणाचे असतात, दुसऱ्या कुठल्या वडगावचे नसतात. शोध घेणाऱ्याने आपल्या विषयातला असा इष्टुर आधी हुडकावा. एखाद्या माणसाचे विचित्र टोपणनाव, एखादा ओढा, एखादे हत्यार, काहीही चालते.

हे सर्व संगणकाचे म्हणून सांगितले जात असले तरी विद्या जुनी आहे आणि तिचा एक मोठा उपासक याच तालुक्यात होऊन गेला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कामशेतला येऊन राहिले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. पुण्यातील पेशवे दप्तर म्हणजे कापडात बांधलेले हजारो रुमाल, सारा मामला मोडीत, आणि अभ्यासकांना त्याचे दार कित्येक वर्षे सताड उघडे नव्हते. सरदेसायांनी सहायकांची तुकडी घेऊन ते धुंडाळले आणि १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. रुमालात कागद ज्या क्रमाने पडले होते त्या क्रमाने त्यांनी छापले नाहीत. विषयवार प्रकरणे पाडली. पानिपताच्या पत्रव्यवहाराला स्वतंत्र खंड दिला. याचा अर्थ असा की पुढचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारील याचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला. त्यांचे स्नेही सर जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. त्यात अमुक तारखेची खातरजमा, तमुक नावाचा उलगडा, असे बारीक प्रश्न सतत असत. प्रश्न बारीक असला की त्याचे उत्तर मिळते आणि ‘मराठ्यांविषयी काही असल्यास कळवावे’ असे लिहिल्यास समोरचा माणूस हात जोडतो, हे या दोघा वृद्ध तपस्व्यांना पुरते ठाऊक होते.

इतिहासाचार्य राजवाड्यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा, आणि पुढे एकूण बावीस झाले. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. या मंडळींनी घरोघर जाऊन पोत्यांतून, माळ्यांवरून कागद मिळविले. ते ज्या घरी जात तेथे ‘ऐतिहासिक कागद आहेत का’ असे विचारले तर ‘नाहीत’ हेच उत्तर येई, असे मानायला हरकत नाही, कारण घरातल्या माणसाला ते वतनाचे, भाऊबंदकीचे, देवाच्या पूजेच्या हक्काचे कागद वाटत. इतिहास हा शब्द त्या कागदांवर कोठेच लिहिलेला नसतो!

आणखी मागे जायचे असेल तर कार्ल्याच्या डोंगरावर जावे. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे लाखो भाविक ज्या चैत्यगृहासमोरून पुढे जातात, तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. त्यांत ‘कार्ले’ हे नाव नाही. त्या लेण्यांचे तेव्हाचे नाव ‘वलूरक’. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या भिक्षूंना ‘करजिक’ नावाचे गाव दिल्याचा उल्लेख एका लेखात आहे. दुसऱ्या एका राजाज्ञेत तेच गाव ‘करजक’ असे येते आणि ते ‘मामाल आहारात’ आहे असे सांगितले आहे. आहार म्हणजे प्रांताचा भाग, आणि मामाल म्हणजे आपले मावळ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपल्या तालुक्याचे नाव कोरलेले आहे, ही केवढी गोष्ट! पण ‘मावळ’ एवढाच शब्द धरून बसणाऱ्याला ती कधीही सापडणार नाही. हे लेख फ्रेंच पंडित सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात संपादित केले आहेत आणि तेथे शोधताना रोमन लिपीत, डोक्यावर रेघा असलेल्या अक्षरांतून शोधावे लागते. पायथ्याच्या वेहेरगावाच्या नावात विहार हा शब्द आजही टिकून आहे, हे जाता जाता.

लोणावळ्यात बसून योगशास्त्राचा विषय टाळता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या संस्कृत ग्रंथांत शोध घेणाऱ्यापुढे संधी आणि समास उभे राहतात. ‘प्राणायाम’ हा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटून बसलेला असतो. तेथे शब्दाचा न बदलणारा मधला तुकडाच द्यावा, एवढे सांगून पुढे जाऊ.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. मावळातल्या कित्येक कुटुंबांच्या दृष्टीने कागद शोधणे हा छंद नसून पोटाचा प्रश्न आहे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ येथील जमिनींचे भाव द्रुतगती मार्ग झाल्यापासून कोठल्या कोठे गेले. आजोबांच्या नावची जमीन कशी गेली, कोणाकडे गेली, धरणात किती गेली, याची उत्तरे कागदांत आहेत. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. तेव्हा उठलेल्या घरांची तिसरी पिढी आज तो शोध घेते. ही मुले शिकलेली आहेत, संगणक हाताळतात, आणि तरीही हात हलवीत परत येतात. बहुतेक वेळा कारण एकच. हातात असतो आजचा गट नंबर, आणि शोध असतो जुन्या कागदाचा. १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना राबविली गेली, तेव्हा जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यापूर्वीच्या फेरफारात गट नंबर सापडणार कोठून? आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्वे नंबर व हिस्सा काढावा, मग मागे जावे. नावाचेही तसेच. रेशनकार्डावर आडनाव असते, जुन्या उताऱ्यावर अनेकदा नुसते नाव आणि बापाचे नाव. ‘पांडुरंग’ कागदावर ‘पांडू’ असतो, ‘कृष्णाजी’ हा ‘किसन’ असतो. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारावे की आजोबांना गावात काय म्हणत. तलाठ्याच्या सजात नसलेली माहिती तिच्यापाशी असते.

माहिती अधिकाराचा अर्ज हाही एक शोधप्रश्नच आहे, फक्त तो यंत्राऐवजी अभिलेखपालाला विचारलेला. २००५ च्या कायद्याने दहा रुपये शुल्कात नागरिकाला हा हक्क दिला, तीस दिवसांची मुदत घातली आणि त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने कार्यालयांवर अभिलेखांची सूची करून ठेवण्याचे बंधनही घातले. महाराष्ट्रात २०१२ च्या नियमदुरुस्तीने अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा असे ठरले. लोक याबद्दल कुरकुर करतात, परंतु नेमका प्रश्न दीडशे शब्दांत सहज मावतो. ‘आमच्या जमिनीवर अन्याय का झाला’ याचे उत्तर देणे त्या कायद्यात बसत नाही, कारण कायदा असलेल्या कागदाची प्रत देतो, कारणमीमांसा देत नाही. ‘अमुक गावच्या अमुक सर्वे नंबरच्या भूसंपादन निवाड्याची आणि त्याबरोबरच्या खातेदार यादीची प्रत’ असे मागितले की कारकुनाला कोणता गठ्ठा काढायचा ते कळते.

अलीकडे आणखी एक मोह आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला सरळ बोलीभाषेत प्रश्न विचारावा आणि ते सुबक परिच्छेद लिहून देते. सोय मोठी आहे. जुनी रूपे, पर्यायी नावे, सुहूर सनाचे रूपांतर सुचविण्यासाठी ते उत्तम मदतनीस आहे. परंतु ते कधीकधी नसलेले पत्र आणि नसलेला पृष्ठांकही त्याच आत्मविश्वासाने सांगते. त्यामुळे त्याने दिलेला खंड उघडून ते पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भाषणात किंवा लेखात एक ओळही घेऊ नये. मोबाइलवर फिरणाऱ्या इतिहासाच्या संदेशांनाही हेच लागू. आपल्या बाजूचा आहे म्हणून न तपासता पुढे पाठविलेला एक खोटा दाखला, पुढच्या वेळी आपल्या दहा खऱ्या दाखल्यांवरचा विश्वास घालवतो.

येथे पुन्हा वडगावला यावे लागते, कारण प्रश्नातच उत्तर लपविण्याची खोड आपल्यालाही आहे. ‘वडगाव विजय’ एवढेच शोधले तर विजयच सापडतो, आणि तो खोटाही नाही. पण तेथे थांबणाऱ्याला हे कळत नाही की गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानला नाही, गॉडर्डची बंगालची फौज सुरतेस येऊन पोहोचली, मराठ्यांच्या स्वाधीन झालेले राघोबादादा त्याच वर्षी निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी अखेर इंग्रजांकडेच राहिली. म्हणून प्रत्येक शोधाबरोबर एक उलटा शोध घ्यावा. ‘वडगाव’ सोबत ‘अमान्य’, ‘सालबाई’, ‘गॉडर्ड’, ‘साष्टी’. शत्रूचे कागदही वाचावेत. जॉर्ज फॉरेस्टने १८८५ मध्ये मुंबई सरकारच्या दप्तरातले मराठेविषयक कागद निवडून छापले, त्यांत या मोहिमेचा त्यांच्याच तोंडचा वृत्तान्त आहे. आपल्या फौजेची कशी दाणादाण उडाली हे पराभूत अधिकारी स्वतः लिहितो, तेव्हा त्या साक्षीचे वजन आपल्या कोणत्याही पोवाड्याहून जास्त असते. मात्र तो ग्रंथ उघडला की शोधाच्या खिडकीत ‘वडगाव’ लिहू नये. तेथे ‘वारगाम’ लिहावे, आणि ते न मिळाल्यास ‘तळेगाव’ची इंग्रजी रूपे एकेक करून पाहावीत.